पाचचा भोंगा

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही म्हणून राहून गेलं, असं म्हणायची सोय नाही. विचारलं पुष्कळांनी. मुलीच्या लग्नात विचारलं, शाळेच्या गॅदरिंगला विचारलं, एकदा तर ग्वारीघाटाच्या स्मशानात कुणाला तरी पोचवून परतताना एका जुन्या सोबत्यानं चालता चालता विचारलं, "त्या रविवारी नेमकं झालं काय होतं रे?" दर वेळी मी एकच उत्तर दिलं. "वरून ऑर्डर होती." पुढं कुणी विचारत नसे. लढाईचा काळ, दारूगोळ्याचा कारखाना आणि वरून ऑर्डर. यावर माणूस आणखी काय विचारणार?

गेल्या वर्षी आमच्या जुन्या मराठी शाळेनं स्मरणिका काढली. तिच्यात एका पानावर छापलं आहे की, लढाईमुळे कारखान्यानं कामगार सभासदांना मतदानाला सोडलं नाही आणि म्हणून आमच्या बाई थोडक्यात पडल्या. लिहिणाऱ्याचा दोष नाही. त्यानं ते माझ्याकडूनच ऐकलं होतं. तोंडी सांगितलेली गोष्ट माणसांबरोबर संपते, छापलेली राहते. ती तशी राहू नये म्हणून लिहायला बसलो आहे. नावं कुणाचीच घालत नाही. बहुतेक माणसं आता नाहीत, आणि जी आहेत त्यांना नावाशिवाय कळेल.

जबलपूरला कारखान्यांत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांची एक शिक्षणसंस्था होती. नुसती जबलपूरची नव्हे, राज्यभर तिच्या शाळा होत्या. मोठ्या शहरांत मोठ्या, जबलपूरजवळच्या पाटणसारख्या तहसिलीच्या गावी दोन खोल्यांच्या. या सगळ्या शाळांवर मिळून एक शाळाप्रमुख असे. शिक्षक नेमणं, शाळा उघडणं किंवा बंद करणं, कोणत्या वर्गात काय शिकवायचं, हे सगळं त्याच्या हातात. आणि त्याला कमिटी नेमत नसे. राज्यातल्या सगळ्या सभासद पालकांनी एकाच रविवारी आपापल्या गावच्या शाळेत जाऊन मत द्यायचं, आकडे तारेनं भोपाळच्या मुख्य कचेरीला जायचे, असा रिवाज होता. घरटी एक मत. ते बहुतेक घरांत बापाच्या नावावर असे.

जुन्या लोकांनी नियम कडक करून ठेवले होते. कोणत्याही पक्षाच्या माणसानं उभं राहायचं नाही. झेंडा नाही, फलक नाही, दारोदार फिरून मत मागणं नाही. उमेदवारानं सभेत एकदा बोलायचं आणि मग गप्प बसायचं. आणि संस्थेत नोकरी करणाऱ्याला उभं राहायचं असेल तर आधी राजीनामा द्यावा लागे, म्हणजे हाताखालच्या माणसांवर दाब नको. या शेवटच्या नियमामुळे शिक्षकांपैकी कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. कुणीतरी निवृत्त साहेब बिनविरोध निवडून यायचे.

त्या वर्षी उभे राहिलेले साहेबही तसेच होते. आमच्याच कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, नेपियर टाउनात बंगला, वागायला अगदी सभ्य. त्यांचं म्हणणं असं की लहान गावच्या शाळा पोसण्यात अर्थ नाही. त्या बंद करून सगळं बळ शहरातल्या दोन-तीन इंग्रजी शाळांवर लावावं. यात वाईट काही नव्हतं. माझ्या सेक्शनमधल्या निम्म्या लोकांना आपलं पोर इंग्रजी शिकावं असंच वाटत होतं. पण पाटणची शाळा बंद होणार, हे मात्र नक्की होतं, आणि तिच्यासारख्या आणखी किती.

आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला हे पटत नव्हतं. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. जबलपुरातल्याच गोरखपूर वस्तीत आईबरोबर दोन खोल्यांत राहायच्या. आई अंथरुणावर होती. लग्न केलं नव्हतं. माझ्या थोरल्या मुलीचा एक पाय पोलिओत गेला होता. ती चौथीत गेली तेव्हा चौथीचा वर्ग माडीवर होता. मी बाईंना भेटायला गेलो, म्हणालो, रोज मी स्वतः येऊन तिला वर नेऊन बसवीन. बाई म्हणाल्या, "काहून? तिला वर न्यायचं म्हणजे काय, वर्ग खाली आणायचा." आणि दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग, फळा, कपाट, नकाशे, खाली आणले. ऑफिस माडीवर गेलं. ती शाळेत असेपर्यंत ते ऑफिस माडीवरच राहिलं, आणि बाईंच्या गुडघ्यांना तो जिना काही सोपा नव्हता.

त्यांना उभं राहा असं सांगणारा मीच. शाळेच्या ओसरीवर आम्ही दोघं उभे होतो, मुलं सुटून गेली होती.

"मला काय येतं त्यातलं?" बाई म्हणाल्या.

"शाळा येते ना."

त्या हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "भाऊ, राजीनामा द्यावा लागतो. पडले तर? आईचं औषध कुठून आणू? गावात ट्यूशन करायला मराठीची पोरं तरी किती आहेत?"

"पडत नाही तुम्ही. आमच्या कारखान्यात किती सभासद आहेत, माहीत आहे ना? सगळे तुमच्या बाजूचे."

"मत मागायचं नाही, नियम आहे."

"मागत नाही. पण मत द्यायला माणूस गेटबाहेर तर सोडावा लागेल? ते माझ्या हातात आहे."

मी चार्जमन होतो. सेक्शनमधला कामगार शिफ्टच्या मध्ये बाहेर जायचा तर त्याच्या पासवर माझी सही लागे. नवीन मराठी माणूस कामाला लागला की मीच त्याला शाळेत नेऊन पोराचं नाव घालायला लावी आणि सभासद करी, त्यामुळे माझ्या सेक्शनमध्ये सभासदही सगळ्यांत जास्त होते. बाईंची नजर अंगणातल्या नळाकडं गेली. नळ गळत होता. त्यांनी जाऊन तो घट्ट बंद केला, परत आल्या, आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणून देते राजीनामा."

हे वाक्य त्यांनी नंतरही पुष्कळ वेळा उच्चारलं, दुसऱ्यांपुढं, माझ्या कौतुकानं.

मतदानाची नोटीस पावसाळा सरता सरता निघाली. तिच्यात लिहिलं होतं : सकाळी दहापासून पाचच्या भोंग्यापर्यंत. जबलपूरबाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्या भागात घड्याळ कुणी बघतच नसे. कारखान्याचा भोंगा सगळ्या वस्तीला ऐकू यायचा. सकाळच्या भोंग्याला बायका कणीक मळायला घ्यायच्या, दुपारच्या भोंग्याला शाळेची मधली सुट्टी, चारच्या भोंग्याला आमची शिफ्ट सुटायची आणि गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. पाचला ऑफिसवाले सुटायचे. रविवारची सुट्टी तर ओव्हरटाइममुळे पावसाळ्यातच गेली होती. चारला सुटलेला कामगार पाचच्या आत आरामात शाळेत पोचेल, असा हिशेब करूनच नोटीस काढली होती.

मग डिसेंबरात लढाई लागली. एकाहत्तरची. दोन गोष्टी एकदम झाल्या. आमची शिफ्ट चारऐवजी सहाला सुटायला लागली, आणि भोंगा बंद झाला. विमानं आली तर वाजवायचा सायरन आणि कामाचा भोंगा यांत लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून. संध्याकाळी ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्याला अर्धा काळा रंग. पण माणसं सगळ्यांत जास्त गडबडली ती भोंगा नव्हता म्हणून. घरोघरी दूध उतू गेलं, पोरं शाळेत उशिरा यायला लागली. बाईंचा राजीनामा झाला होता, तरी सवयीनं त्या सकाळी फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. एका बापानं म्हटलं, "भोंगाच नाही झाला बाई, मग कळणार कसं?" त्या म्हणाल्या, "सूर्य उगवला ना? त्याचा तर ब्लॅकआउट नाही."

निवडणूक पुढं ढकलावी असं काहींनी सुचवलं. भोपाळहून उत्तर आलं की शाळा लढाईत बंद नाहीत, तर निवडणूक काहून बंद करायची. नोटीस तीच राहिली.

मी मनात नीट आखणी केली होती. दुपारी साडेतीननंतर थोडे थोडे लोक सोडायचे. पहिले परत आले की दुसरे. मशीन एकही बंद पडणार नाही, शाळा काही लांब नव्हती. लोकांना तसं सांगूनही ठेवलं. "रविवारी धुतलेला शर्ट आणा," म्हणालो. "शाळेत जायचं आहे, तेलकट कपड्यांनी नाही."

शनिवारी दुपारी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे मॅनेजर त्या निवृत्त साहेबांचे जावई. आमच्या सेक्शनच्या फोरमनची जागा दोन महिन्यांपासून रिकामी होती, आणि ती कुणाला मिळायची हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. ते कागद वाचत होते. मला बसायला सांगितलं नाही, पण ते कुणालाच सांगत नसत.

"कल सेक्शन फुल रहेगा न?"

"जी साहब."

"कोई इधर-उधर नहीं?"

"नहीं साहब."

"गुड." त्यांनी पुन्हा कागदात डोकं घातलं. मी उभाच होतो. त्यांनी मान वर केली, "और कुछ?"

"नहीं साहब."

झालं ते एवढंच. निवडणुकीचा शब्द नाही, सासऱ्यांचं नाव नाही. लढाई चालू असताना कुठलाही मॅनेजर कुठल्याही चार्जमनला जे विचारील ते त्यांनी विचारलं. "और कुछ" म्हणाले तेव्हा मला म्हणता आलं असतं, साहेब, आळीपाळीनं अर्धा तास सोडतो, काम अडणार नाही. ते हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते. नाही म्हणाले असते तर खरोखरच ऑर्डर झाली असती, आणि आज मला हे लिहावं लागलं नसतं. मी विचारलंच नाही. बाहेर येऊन मी त्यांच्या त्या तीन प्रश्नांचा अर्थ लावत बसलो. जावई आहेत. फोरमनची जागा आहे. मुद्दाम बोलावलं. मुद्दाम "इधर-उधर" म्हणाले. घरी पोचेपर्यंत मी स्वतःची खात्री करून घेतली होती की मला सांगितलं गेलं आहे.

रविवारी कडाक्याची थंडी होती. सेक्शनमध्ये शिरलो आणि भिंतीकडं नजर गेली. खिळ्यांवर शर्ट टांगलेले होते. इस्तरीचे, पांढरे, निळे, एक तर लग्नातला असावा, चकाकणारा. रोज त्या खिळ्यांवर चिंध्या आणि डब्याच्या पिशव्या असायच्या. मी दिवसभर त्या भिंतीकडं पाठ करून बसलो. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, "साहेब, पहिली पाळी कोणाची?" मी म्हणालो, "बघू." सोडावं, नाही सोडावं, सोडावं. मॅनेजर दोनदा शेडमधून चक्कर मारून गेले. दोन्ही वेळा माझ्याकडं बघितलं की नुसतं मशीनकडं, हे मला अजून सांगता येणार नाही.

साडेतीनला पहिले लोक हात धुऊन आले. लाकडाच्या भुशानं तेल काढून, साबण लावून, शर्ट बदलून. पुढं आमचा म्हातारा फिटर होता, बालाघाटकडचा, वयानं मोठा म्हणून साहेब न म्हणता मला भैया म्हणायचा. त्यानं केसही विंचरले होते.

"चला भैया, करा सह्या."

मी मान वर केली नाही. "आज जमत नाही."

"काय जमत नाही?"

"पास. वरून ऑर्डर आहे. आज गेटबाहेर कुणी नाही."

मागं कुजबुज झाली. फिटर म्हणाला, "काल तर तुम्हीच म्हणून राहिले होते, शर्ट आणा म्हणून."

"काल म्हणालो. आज ऑर्डर आहे."

"कोणाची?"

"वरची."

"अच्छा," तो म्हणाला. "वरची."

एक तरुण टर्नर होता, तोंडाळ. तो फिटरला म्हणाला, "काका, सगळी फौज तुमच्या मतासाठी अडून राहिली का? आधी तोफा जाऊ द्या, मग तुम्ही जा." सगळे हसले. लढाईचं नाव निघालं की माणूस हसत का होईना, पण मागं फिरायचा. "अरे, मी तर शर्टाला इस्तरी स्वतः केली रे," दुसरा एक म्हणाला, "बायको म्हणाली, कोण्या बाईसाठी एवढं?" पुन्हा हसले. आणि मग भिंतीशी जाऊन एकेकानं शर्ट उतरवला, नीट घडी घातली, पुन्हा खिळ्यावर न टांगता पिशवीत ठेवला, आणि कामाचे कपडे पुन्हा चढवले. त्या थंडीत उघड्या अंगानं उभे राहून घड्या घालणारी ती माणसं. कुणी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

फिटर परत आला. "बाईंना निरोप तरी धाडा भैया. वाट पाहून राहिल्या असतील."

"धाडतो."

तोही धाडला नाही. निरोप घेऊन जायला माणूस बाहेर सोडावा लागला असता.

पाच वाजले असतील तेव्हा माझे कान आपोआप भोंग्याकडं लागले. तो वाजला नाही. मशीनचा आवाज तेवढा चालू राहिला.

सहानंतर अंधारात सायकल हाकत घरी आलो. बायको नुकतीच शाळेतून परतली होती. आमच्या घरचं मत तिच्या नावावर होतं, आणि दिवसभर ती तिथं मदतीला होती. डोक्यावरचा पदर अजून तसाच होता. मी आत आल्याबरोबर म्हणाली, "काहून नाही आले हो तुमचे लोक?"

"वरून ऑर्डर होती."

"पलीकडच्या सेक्शनचे आले होते. चार-चार, पाच-पाच जण. मत देऊन परत पळत होते."

"त्यांचं काम वेगळं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं चहा ठेवला आणि माझ्याकडं पाठ करून सांगायला लागली. पाच व्हायला आले तरी माझी माणसं दिसेनात. मतदानावर देखरेखीला एक निवृत्त पोस्टमास्तर बसवले होते. त्यांनी नोटीस काढली आणि मोठ्यानं वाचली : पाचच्या भोंग्यापर्यंत. म्हणाले, "भोंगा काही झालेला नाही. नियमानं मला दार बंद करता येत नाही. सहाला कारखाना सुटतो, तोवर बसू. कागद लावलेले आहेत, आत दिवा लावता येईल."

"मग?" मी विचारलं.

"साहेब तिथंच होते. ते म्हणाले, माझी हरकत नाही. खुशाल उघडं ठेवा, बिचारे लोक देशासाठी राबून राहिले, त्यांना मत मिळालं पाहिजे."

माझ्या हातातली बशी मी खाली ठेवली. ज्या माणसाच्या जावयाला भिऊन मी लोक अडवले, तो माणूस दार उघडं ठेवा म्हणत होता.

"अन् बाई?"

"बाई नाही म्हणाल्या." बायको आता माझ्याकडं वळली. "म्हणाल्या, पाच म्हणजे पाच. भोंगा नाही झाला म्हणून उशीर चालत नाही, असं मी पोरांना सांगते रोज. आज माझ्यासाठी चालवून घेऊ? पोस्टमास्तर म्हणे, अहो बाई, विचार करा, नोकरी सोडली तुम्ही. त्या म्हणाल्या, भाऊंनी शब्द दिला आहे, माणसं निघायची असती तर निघाली असती, काही मोठंच कारण असेल. आणि स्वतः उठून दार लावलं त्यांनी. कडी घातली."

चहा उकळून पातेल्याबाहेर आला. तिनं तो पुसला. "खरंच ऑर्डर होती ना हो?"

"एकदा सांगितलं ना!"

मी आवाज चढवला. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर आम्ही एका घरात तीस वर्षं काढली आणि तिनं पुन्हा कधीच विचारलं नाही.

आठवड्यात भोपाळहून निकाल आला. राज्यभर मिळून साहेब पुढं गेले होते, पण इतके थोडे की माझ्या एका सेक्शनच्या मतांनी उलटं झालं असतं. वस्तीत सगळ्यांना तो हिशेब तोंडपाठ होता. मला सगळे समजावत होते, तुमचा काय इलाज. पलीकडच्या सेक्शनचा चार्जमन मला सायकल स्टँडवर भेटला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्ही लोक कसे सोडले? तो म्हणाला, "साहब से पूछा था. बोले, माल पूरा होना चाहिए, बाकी तुम देखो." आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला.

उन्हाळ्यात मला फोरमन केलं. घरी गोड झालं नाही.

बाईंना दुसरी नोकरी जबलपुरात मिळाली नाही. त्यांच्या जागी माणूस नेमला गेला होता, आणि साहेबांनी चांगुलपणानं देऊ केलेली खालची जागा त्यांनी घेतली नाही. आई मार्चमध्ये गेली. औषध कमी पडलं की वयच झालं होतं, मला माहीत नाही. मी ते कुणाला विचारलं नाही. पाटणची आमची शाळा पुढल्या वर्षी ठरल्याप्रमाणं बंद झाली, आणि बाई पाटणलाच गेल्या. तिथल्या एका शेठजींच्या ओसरीत बंद शाळेची पोरं गोळा करून बसवायला लागल्या.

जायच्या आधी आमच्या घरी आल्या होत्या. बायकोनं खोव्याची जलेबी आणवली. बाईंनी एक तुकडा खाल्ला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही मनाला फार लावून घेतलं म्हणे. वहिनी सांगत होत्या, जेवत नाही. असं नका करू. तिकडं पोरं मेली सरहद्दीवर, आपण शाळेचं काय घेऊन बसलो. ऑर्डरपुढं तुम्ही काय करणार?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग जमिनीकडं. ती थांबली होती. आज मला कळतं की ती मी बोलेन म्हणून थांबली होती. मी म्हणालो, "बाई, आणखी एक घ्या ना."

त्यानंतर पाटणला मी किती वेळा निघालो आणि किती वेळा बसस्टँडवरून परतलो, ते सांगून काय उपयोग. एकदाच पोचलो. निवृत्त झालो होतो, बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. हिवाळा होता, पाटणच्या बाजारात मटाराच्या पोत्यांचे ढीग लागले होते, हिरव्या सालांचा वास गावभर पसरला होता. बाई एका खोलीत राहत होत्या. केस सगळे पांढरे. शिकवणं सुटलं होतं, पण गल्लीतली पोरं येऊन जाऊन असायची, आता हिंदीच बोलणारी. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की शेजारणीला हाक मारून बोलावलं. "देखो दीदी, ये हमारे भाऊ हैं. इन्हीं के कहने पे हम चुनाव लड़े थे."

शेजारीण हसली. "जीते थे?"

"अरे कहाँ! लड़ाई लग गई थी न." आणि त्याही हसल्या.

मग शेजारीण गेली. बाईंनी मटाराची परात पुढ्यात घेतली, मला अर्धी वाटून दिली, आम्ही दोघं सोलत बसलो. वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. बसमध्ये ते मनात घोळवत आलो होतो. बाई, वरून कुठलीही ऑर्डर नव्हती, मी भ्यालो, मला माफ करा. एवढंच. मुलीची चौकशी झाली, तिच्या पायाची झाली, नातवाची झाली. मग बाई थांबल्या. सोललेले दाणे हातातच होते.

"पलीकडच्या सेक्शनचे आले होते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. खाली बघून, सहज. "मला आठवतं. धावत आले होते बिचारे."

मी पुढची शेंग उचलली.

"भाऊ, काही सांगायचं होतं का तुम्हाला? एवढ्या लांब आले म्हणून विचारते."

माझ्या बोटांत शेंग होती. आजही त्या शेंगेचा गारवा आठवतो. त्यांनी दार माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं, नंतर नाही.

"नाही, काही नाही," मी म्हणालो. "मटार छान आहे यंदा."

"हो, यंदा गोड आहे," बाई म्हणाल्या, आणि दाणे परातीत सोडले.

परतीच्या बसपर्यंत त्या मला सोडायला आल्या. काठी टेकत, हळूहळू. पिशवीभर मटार जबरदस्तीनं दिला. मी खिडकीशी बसलो, त्या खाली उभ्या. कंडक्टरनं दार आपटलं. तेव्हा मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हणालो, "बाई..." इंजिन सुरू झालं होतं. त्यांनी कानाला हात लावला, काय म्हणता? मी दोन्ही हात जोडले आणि तसेच धरून ठेवले. निरोप घेतोय असं समजून त्यांनी काठी काखेत धरली, आणि त्यांनीही हात जोडले.